उजव्या गाडीवरचा पारखे

शमुवेल पारखे मंत्र्यांच्या ताफ्यापुढे बुलेट चालवायचा, पण पुढे फार कमी बघायचा. त्याची नजर आरशात असायची. नवीन आलेल्या साहेबांना हे खटकायचं. एकदा एका साहेबांनी हजेरीतच विचारलं, "पारखे, तुम्ही पायलट आहात का न्हावी? सारखं आरशात काय बघता?" सगळी रांग हसली. पारखेही हसला. म्हणाला, "साहेब, पुढचा रस्ता काल बघून आलोय. आज मागच्यांना बघायचं. मागचा पडला तर आपण पोचून काय करायचं?"

साहेबांना हे इतकं आवडलं की पुढच्या बैठकीत त्यांनी ते स्वतःचं म्हणून सांगितलं. त्या रांगेत मी पारखेच्या शेजारी उभा होतो. मी हसलो नव्हतो.

पारखे गेला त्याला वर्ष होऊन गेलं. त्याचा विषय निघाला की मी "चांगला माणूस होता" एवढंच म्हणतो. लोकांना वाटतं, जोडीदार गेल्याचं दुःख आहे. ते आहेच. पण त्या दुःखाखाली दुसरं काहीतरी आहे, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. आता माझीही नोकरी संपत आली. लिहून टाकतो.

आम्ही एकाच भरतीतले. तो देवळाली प्रवऱ्याकडचा, मिशनच्या शाळेतल्या मास्तरांचा मुलगा. मी कर्जतचा, ज्वारीच्या रानातला. दोघांची नेमणूक नगरला. जिल्ह्याचं नाव आता कागदावर अहिल्यानगर झालं आहे, आमच्या तोंडात मात्र अजून नगरच बसलेलं. जिल्ह्यात मोठा पाहुणा आला की त्याच्या ताफ्यापुढे दोन बुलेट असायच्या. एक उजवी गाडी, एक डावी. उजवी चार हात पुढे असते. वेग ती ठरवते, थांबायचं कुठे ते ती ठरवते, हात ती करते. डावी तिच्या मागे, तिरकी, मुख्य गाडीच्या पुढ्यात. उजवीवर पारखे, डावीवर मी. बारा वर्षं. वायरलेसवर आम्हाला नावं नव्हतीच. "उजवी गाडी, कुठपर्यंत आलात?" "डावी गाडी, जागा धरा." बायकोसुद्धा थट्टेनं म्हणायची, "घ्या फोन, डाव्या गाडीला बोलावणं आलंय." तिला काय ठाऊक, की ते मला कुठे लागतं.

दिसायला पारखे पायलटसारखा नव्हताच. ठेंगणा, पोट पट्ट्याच्या जरा वर आलेलं, आवाज बारीक. मी उंच, मिशी राखलेली, बुलेटवर ताठ बसणारा. दोघांना शेजारी उभं केलं तर पुढे कोण हे कुणीही माझ्याकडे बोट दाखवून सांगितलं असतं. निघण्याआधी तो हेल्मेट काढून क्षणभर डोळे मिटायचा, मग रुमालानं दोन्ही आरसे पुसायचा. त्या आरशांना दुसऱ्या कुणी हात लावलेला त्याला चालायचा नाही. गाडी चालली की हेल्मेटच्या आत त्याचं गुणगुणणं सुरू. चर्चमधली गाणी, पण भजनाच्या ठेक्यात. थांब्यावर काच वर केली की शेवटचा शब्द बाहेर पडायचा.

कौतुक त्याला आवडायचं, हेही सांगितलं पाहिजे. कुणी शाबासकी दिली की ती तो आठवडाभर सांगत फिरे, प्रत्येकाला, मलासुद्धा, जणू मी तिथे नव्हतोच.

त्याची खरी खोड म्हणजे रस्ता मागणं. दौऱ्याच्या आदल्या दिवशी तो त्याच रस्त्यानं, त्याच वेळेला, एकटा सावकाश जायचा. शाळा किती वाजता सुटते, बाजार कुठे भरतो, कारखान्याच्या यार्डातून उसाचे ट्रॅक्टर केव्हा बाहेर पडतात, सगळं विचारत जायचा. उसाच्या हंगामात आमच्याकडचे ट्रॅक्टर म्हणजे चालतं लग्नघर. मागे दोन ट्रेलर, टपावर दोन-दोन कर्णे, आणि गाणं एवढं मोठं की आमचा सायरन त्यांच्या कानावर डास बसल्यासारखा. मी म्हणायचो, एक काठी मारली की ऐकू येतं. पारखे आदल्या दिवशी यार्डात जाऊन त्या ड्रायव्हर लोकांत चहा प्यायचा. "उद्या अकराला मी येतोय. हात कानाला लावला की गाणं बंद करायचं आन् कडंला घ्यायचं. आमी गेलो की पुन्ना लावा, दुप्पट लावा."

"पोलिसानं असं मागायचं असतंय व्हय?" मी एकदा चिडून विचारलं होतं.

"दिनू, रस्ता त्यांचा हाय," तो म्हणाला. "आपन चार मिनिटांसाठी मागून घ्यायचा. हिसकला तर उद्या देनार न्हाईत."

आणि त्याच्या गाडीच्या पेटीत एक पिशवी असायची. खताच्या गोणीची शिवलेली, आत चुन्याची फक्की, मैदानावर कबड्डीच्या रेषा मारायला वापरतात ती. गावोगावचे लोक अपघात झाला की रात्रीतून मुरूम टाकून रस्त्यावर उंचवटा करतात. त्याला पट्टे नसतात, पाटी नसते. असा उंचवटा दिसला की पारखे गाडी लावायचा आणि त्यावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारायचा. वाकडी गेली तर पायानं पुसून परत मारायचा. "अरे, दिसली म्हणजे झालं," मी म्हणायचो. तो म्हणायचा, "सरळ असली की लोकांना वाटतं, सरकारनं मारलीय. मग मानतात."

आता त्या मेंढरांची गोष्ट. ही मला फार आठवते, कारण ती माझ्या तालुक्यात घडली, माझ्या माणसांसमोर.

कर्जतला एक मंत्री येत होते. फाट्यावर माझे भावबंद उभे होते, आपला दिनकर पायलट आहे हे बघायला. आणि ऐन फाट्याच्या अलीकडे दोनशे मेंढरं रस्त्यावर. मी सायरन दाबून ठेवला, काठी काढली, ओरडलो. मेंढरं घाबरून एकमेकांत शिरली आणि रस्ता आणखीच बंद झाला. पारखेनं हात वर करून अख्खा ताफा थांबवला, गाडी स्टँडवर लावली आणि चालत धनगराकडे गेला.

"मामा, ह्यातली पुढची कोनती?"

"ती काळ्या कानाची."

"तिला हाक मारा की जरा. मागं साहेब हायेत."

"हायेत तर हायेत. मेंढरास्नी काय ठावं साहेब!"

"मला ठावं हाय ना मामा. म्हनून तुमच्याकडं मागतोय."

म्हाताऱ्यानं त्याच्याकडे एकदा नीट बघितलं आणि तोंडानं कसलासा आवाज काढला. काळ्या कानाची वळली. तिच्यामागे सगळी वळली. अर्ध्या मिनिटात रस्ता मोकळा. मंत्र्यांनी काच खाली घेऊन सगळं ऐकलं होतं. म्हणाले, "हवालदार, आमच्या पक्षात या. एक काळ्या कानाची आम्हालाही सापडेना झालीय." ताफाभर हशा. त्यानंतर ते जिल्ह्यात आले की आधी विचारायचे, "आमचे मेंढरंवाले आहेत ना आज?"

माझे भावबंद मला संध्याकाळी म्हणाले, "तुझा साहेब लई भारी माणूस हाय." तो माझा साहेब नाही, माझ्याच भरतीतला आहे, हे मी सांगितलं नाही. सांगून मी आणखीच लहान झालो असतो.

दुसरी गोष्ट अकोले तालुक्यातली. पावसाळ्यातला रविवार. भंडारदऱ्याकडे पर्यटकांच्या मोटारी लोटल्या होत्या आणि आम्ही तिथे बंदोबस्ताला होतो. वरच्या एका गावात भात लावताना बाईला साप चावला. तिथल्या दवाखान्यात आणखी औषध लागणार होतं. ते घेऊन निघालेली गाडी खाली मोटारींच्या रांगेत अडकली. आम्हा दोघांना सांगितलं, तिथून डबा घ्या आणि वर पोचवा. डबा पारखेनं पोटाशी बांधला. मी म्हणालो, "मी पुढं होतो, रस्ता करतो." तेवढ्यापुरती का होईना, उजवी गाडी मी होणार होतो.

मी सायरन लावून "बाजूला घ्या, बाजूला" करत निघालो. लोकांनी काचा खाली केल्या त्या मोबाईल काढायला. एकानं माझ्याशी हुज्जत घातली, गाडी आणखी आडवी आली, आणि मी दोन मोटारींच्या मध्ये अडकून राहिलो. पारखे मागून आला. प्रत्येक खिडकीशी क्षणभर थांबत होता. "ताई, एका बाईला साप चावलाय. चाक जरा आत घ्या." पुढच्या खिडकीत तेच. थोड्या वेळानं लोकच पुढच्या लोकांना सांगू लागले आणि तो माझ्या शेजारून गेला. जाताना म्हणाला, "ये रे मागून." मी पोचलो तेव्हा तो दवाखान्याच्या पायरीवर बसून बूट उलटे करून पाणी काढत होता.

बाई वाचली. महिन्याभरानं तिचा नवरा मुख्यालयात आला, काळभाताच्या, म्हणजे तिकडच्या वासाच्या तांदळाच्या, दोन पिशव्या घेऊन. एक पारखेला. दुसरी "त्यांच्या मागच्या साहेबांना." बायकोनं त्या दिवशी तो भात लावला. घरभर वास सुटला. ती म्हणाली, "पारखे भावजींमुळं असला तांदूळ बघायला मिळाला." मी पोट भरलंय म्हणून ताटावरून उठलो.

मला त्याचा राग करता आला असता तर सोपं होतं. पण माझे वडील दवाखान्यात होते तेव्हा सलग आठ दिवस माझी ड्युटी त्यानं केली. नाताळला करंज्यांचा डबा स्वतः घेऊन यायचा आणि माझी बायको डबा रिकामा परत देत नाही म्हणून आनंदायचा. अशा माणसाचा हेवा करायचा म्हणजे आतल्या आत कुजायचं. तो खोटा असता, वरच्यांपुढे लाळ घोटणारा असता, तर मी चारचौघांत बोललो तरी असतो. बोलण्यासारखं त्यानं काही ठेवलंच नव्हतं.

आता ते सांगतो, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

त्या आठवड्यात सन्मानचिन्हासाठी जिल्ह्यातून नावं जाणार होती. पारखेचं नाव गेलं. माझं गेलं नाही. मी कारकुनाला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो पानाला चुना लावत हसला. "भाऊ, बुलेट दोन असल्या तरी फोटोत पुढचीच येती." हे वाक्य घेऊन मी दोन दिवस फिरत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी हुकूम आला. राहुरीच्या पलीकडच्या एका हॉस्पिटलात मेंदू मृत झालेल्या एका माणसाचं यकृत त्याच्या घरच्यांनी दिलं होतं. ते पुण्याला पोचवायचं. नगर ओलांडून घोड नदीच्या पुलापर्यंत आमच्या दोन बुलेट, पुढे पुणे जिल्ह्याच्या. डॉक्टर म्हणाले, ते काढायच्या शस्त्रक्रियेला तीन तास तरी लागतील. आदल्या दिवशी रस्ता बघण्याची सोय नव्हती. पारखे अँब्युलन्सच्या ड्रायव्हरशी बोलत होता आणि यार्डातल्या मुकादमांना, शाळांच्या हेडमास्तरांना फोन लावत होता. ह्या लोकांचे नंबर त्याच्याचकडे. मला म्हणाला, "दिनू, आज तू बघून ये. नगरपातुर जा आन् ये." आणि पेटीतली फक्कीची पिशवी काढून माझ्या हातात दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा.

गावाचं नाव सांगत नाही. फाट्यावर शाळा आहे. तिथे रस्त्यावर नवा उंचवटा होता. आदल्या दिवशी सायकलवरच्या एका मुलीला टँकरनं उडवलं होतं, हात मोडला होता तिचा. गावकऱ्यांनी मुरूम आणि दगड टाकून धुमसानं ठोकून काढला होता. काळा-तांबडा, रस्त्याच्याच रंगाचा. मी थांबलो तसे चार-पाच जण जवळ आले. "साहेब, काढायला लावू नका. पोरगी वाचली म्हनून बरं."

"राहू द्या," मी म्हणालो. मला बरं वाटलं, माझ्या शब्दावर काहीतरी राहत होतं.

तेवढ्यात त्यातल्या एकानं माझ्यामागे बघितलं, रिकाम्या रस्त्याकडे. "पारखेदादा न्हाई आले? ते आले असते तर फक्की मारून दिली असती."

"मी मारतो की," मी म्हणालो.

"तुमी मारा. पन दादांची लई सरळ असती."

ते हसत शाळेकडे वळले. मी पिशवीचं तोंड सोडलं होतं. ते परत बांधलं. गाडीला किक मारली आणि निघालो. खरं सांगतो, त्या वेळी डोक्यात काही बेत नव्हता. नुसता संताप होता, की ह्यांना सुद्धा रेष त्याचीच पाहिजे. येताना मारू, असं म्हटलं. येताना वेग कमी केला, उंचवट्यावरून गाडी सावकाश नेली, आणि थांबलो नाही. तोवर बेत झाला होता.

हॉस्पिटलच्या फाटकाशी पारखेनं विचारलं, "काय नवीन?"

"काही नाही. साफ आहे."

त्यानं पिशवी माझ्याकडून घेतली, हातात तोलली. होती तेवढीच भरलेली. "ब्येस," म्हणाला आणि पेटीत ठेवली.

त्याचा अपघात व्हावा असं मला वाटत नव्हतं. हे मी स्वतःला हजार वेळा सांगितलं आहे आणि ते खरं आहे. मला एक दचका हवा होता. फक्त एक. पारखेची गाडी उडावी, त्याला कचकन ब्रेक लागावा, डॉक्टरांनी एकदा म्हणावं, आज पारखेंनी हादरवलं. कुणीतरी एकदा तरी त्याच्याविषयी तोंड वाकडं करावं, एवढीच माझी मागणी.

अकराच्या सुमाराला निघालो. नव्वदचा वेग. पुढे पारखे, मागे तिरका मी, माझ्यामागे यकृताची पेटी घेतलेली अँब्युलन्स. शाळा जवळ आली तशी मी आधीच गाडी हळू केली आणि डावा हात मागे करून अँब्युलन्सला हळू व्हायची खूण केली. अँब्युलन्सला केली. त्याला हॉर्न दिला नाही.

पारखे आरशात बघत होता. नेहमीसारखा. पुढचा रस्ता जोडीदारानं बघून ठेवला होता, म्हणून तो मागच्यांना बघत होता.

गाडी उडाली ती वाकडी पडली आणि घसरत शाळेच्या कुंपणापर्यंत गेली. तो रस्त्याच्या कडेला पडला होता, एक पाय भलत्याच दिशेला. मी थांबलो. त्यानं मान वर केली, हेल्मेटची काच फुटलेली, आणि हातानं रस्ता दाखवला. "थांबू नको! पेटी न्ये! जा!"

शाळेतले मास्तर त्याच्याकडे धावत येत होते. मी गेलो.

त्यानंतरचा रस्ता मी आयुष्यात विसरणार नाही. उसाचे ट्रॅक्टर आधीच कडेला उभे. कर्णे बंद. फाट्यांवर कुणी ना कुणी हात पसरून आडव्या गाड्या थांबवलेल्या. शाळांची फाटकं लावलेली आणि आतून मुलं हात हलवतायत. नगरमधून सुप्यापर्यंत कुठे चाक अडलं नाही. सगळा रस्ता मागून ठेवलेला होता, आणि त्यावरून मी चाललो होतो. हेल्मेटमुळे लोकांना कळत नव्हतं. एका ट्रॅक्टरवाल्यानं कानाला हात लावून मला सलाम केला. पारखे समजून.

पेटी वेळेत पोचली. पुण्यातला तो रोगी जगला असं नंतर कळलं. पेपरात फोटो आला. त्या फोटोत पुढची गाडी माझी होती.

पारखेचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तिसऱ्या दिवशी एक अधिकारी दवाखान्यात त्याचा जबाब घ्यायला आले. मी पलंगाच्या पायथ्याशी उभा. ते फाट्यावरचे लोक बोलणार नाहीत हे मला माहीत होतं, बेकायदा उंचवटा त्यांनीच केलेला. उरला पारखे.

"लिहा साहेब," तो म्हणाला, "माझी नजर आरशात हुती."

"रस्ता कुणी बघितला होता?"

"बघितलेला हुता. त्यात काय चूक न्हाई. माझी नजरचूक."

माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. माझा जबाब एका ओळीचा होता. मी पाहणी केली तेव्हा रस्ता साफ होता.

चौकशी चालू म्हणून यादीतून त्याचं नाव निघालं. पुढच्या वर्षी माझं गेलं. ते सन्मानचिन्ह कपाटात आहे, डबी मी फक्त एकदा उघडली.

पारखे पुन्हा बुलेटवर बसला नाही. त्याला कंट्रोल रूमला दिलं, वायरलेसवर. उजवी गाडी माझी झाली, डावीवर एक नवीन शिपाई आला. आणि आता प्रत्येक दौऱ्यात माझ्या कानात पारखेचा आवाज. खुर्चीत बसूनही तो रस्ता मागत होता, फोनवरून, सगळ्यांकडे. "सुप्याला कंपनीची शिफ्ट सुटलीय, दोन मिनिटं दमानं या." "यार्डात सांगितलंय, बिनधास्त या." आणि हाक मारायचा कशी? "डावी गाडी." मी उजवीवर, तरी डावी गाडी. नवा शिपाई गोंधळायचा. जिल्हाभर वायरलेसवर लोक ऐकायचे. मला वाटायचं, हा सूड घेतोय. असा गोड सूड, की तक्रार करता येऊ नये. आणि सूड वाटला तरी आत कुठेतरी बरं वाटायचं, की त्याला ठाऊक असेल तर निदान एकाला तरी ठाऊक आहे.

खुर्चीत बसून त्याचं पोट वाढलं, लोकांत बसणं वाढलं. लंगडत कॅन्टीनमध्ये आला तरी चार जण खुर्ची द्यायला उठत. त्याच्या लंगडण्याचासुद्धा मला हेवा वाटायचा. ते मी दिलेलं होतं आणि तेही त्याला शोभत होतं.

शेवटचं बघितलं ते तो जायच्या आधीच्या हंगामात. तो निवृत्त झाला होता. मी सुट्टीत राहुरीकडे चाललो होतो, माझ्या मोटारीतून, सकाळी दहाच्या सुमाराला. त्या शाळेच्या फाट्याशी आलो की मी नेहमी दुसरीकडे बघतो. त्या दिवशी बघावंच लागलं. रस्त्याच्या मधोमध पारखे उभा होता. मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर कडेला. हातात तीच पिशवी. उंचवटा आता डांबराचा झाला होता, पण पट्टे पुसून गेलेले.

मी गाडी लावून उतरलो.

"आलास व्हय," तो म्हणाला, जणू मला बोलावलंच होतं. "धर ही पिशवी. एक रेष झाली. पलीकडची बाजू राहिलीय, माझा पाय वाकत न्हाई."

तो हात वर करून रस्त्यात उभा राहिला. उसाचा एक ट्रॅक्टर येत होता, कर्ण्यांवर गाणं दणदणत. पारखेनं कानाला हात लावला. गाणं बंद झालं. ट्रॅक्टर थांबला. मी त्या उंचवट्यावर वाकलो आणि मुठीनं फक्की सोडू लागलो. वाकलेला होतो म्हणून बोलता आलं, उभा असतो तर आलं नसतं.

"शमू, हा मी बघितला होता. त्या दिवशी. तुला सांगितलं नाही."

"ठावं हाय," तो म्हणाला. त्याचं तोंड ट्रॅक्टरकडेच होतं. "पडायच्या आधी आरशात दिसलास. तू आधीच हळू झालतास."

"मग बोलला का नाहीस?"

"पयल्या वर्षी लई राग हुता. रोज ठरवायचो, आज सांगतो साहेबांना. मग वायरलेसवर तुझा आवाज यायचा आन् वाटायचं, हा पडाया नको. दोन्ही एका वक्ताला कसं करायचं?" मग खाली बघून म्हणाला, "दिन्या, रेष बघ की. वाकडी चाललीय."

मी पायानं पुसली आणि परत मारली.

ट्रॅक्टरवाला वरून कंटाळून म्हणाला, "दादा, झालं का? आन् हे कोन नवीन?"

मी मान खाली घातली. आता तो काय म्हणेल ते म्हणो, असं झालं. त्यानं सगळं सांगितलं असतं तरी मी तिथेच वाकून राहिलो असतो.

"नवीन न्हाई रं," पारखे म्हणाला. "माझी डावी गाडी हाय ती."

बारा वर्षं आणि नंतरची कितीतरी वर्षं ते दोन शब्द मला काट्यासारखे टोचले होते. त्या दिवशी पहिल्यांदा टोचले नाहीत. ती माझीच जागा होती. ती सोडून मी जिथे जिथे बसलो, ती दुसऱ्याची होती.

त्यानं ट्रॅक्टरला हात केला. गाणं पुन्हा सुरू झालं, सांगितल्यासारखं दुप्पट. मी पिशवी त्याच्या स्कूटरला अडकवली, हात पँटला पुसले आणि निघालो. उंचवट्यावरून गाडी सावकाश नेली. मग बऱ्याच अंतरापर्यंत मी पुढे बघितलं नाही, आरशात बघत राहिलो. तो मधोमध उभा होता, एका पायावर जरा जास्त भार देऊन, आणि मागच्या पुढच्या गाड्यांना हातानं सांगत होता, थांबा, आता तुम्ही या. त्याच्या पायाशी दोन पांढऱ्या रेषा होत्या. एक सरळ होती.